टॅग नसलेले २१४

दिवसभर मी पिशव्यांना टॅग बांधते.
जालन्यात, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत,
जिथं तापल्या लोखंडाचा आणि औषध चोळलेल्या बियाण्याचा
मिळून एकच वास येतो.
पैदासकाराच्या बियाण्याला पिवळा,
पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा.
तारेवर शिशाचा मणी दाबायचा, ओढून बघायचा.
टॅग सुटला
की बियाणं नुसतं धान्य.

रात्री तेच काम, हात दोनदा धुऊन.

मेहजबीननं शिकवलं, डबा खाताना:
‘नुसतं सेव्ह सेव्ह काय करायलीस?
नाव बांध की त्याला. सापडंल कसं?’
तिचे टॅग बघितले. दहा-बारा, सरळ.
स्वयंपाक. पोरं. दवाखाना. दुआ.
झाकणं लावलेले डबे, ओळीनं.

माझ्या खात्यात सहा वर्षांचा ढीग.
अंबाडीचा आंबटपणा कसा कमी करावा.
शिलाई मशीनचा दोरा का तुटतो.
नांदेडच्या गाडीचं वेळापत्रक, केव्हाच बदललेलं.
गुडघ्याचे सात व्यायाम. सहावा कुणाच्यानं होत नसावा.
एक बाई, कुठल्या गावची ठाऊक नाही,
दहा मिनिटं नुसती सुपात तीळ पाखडते.
भाड्याची खोली: सिडको, पहिला मजला, नळ स्वतंत्र.

बांधत गेले एकेक.
खोलीला काय म्हणू?
‘घर’ म्हटलं तर दोरा, गुडघा, अंबाडी
सगळंच आत शिरतं माझ्या मागं.
‘पळ’ लिहिलं. पुसलं.
शेवटी ‘सिडको’.
कुणी फोन हातात घेतला तरी कळायचं नाही.

एका गोष्टीला हवे तितके टॅग लावता येतात
हे कळलं तेव्हा एकटीच हसले.
कंपनीत एका पिशवीला दोन टॅग सापडले
तर सगळी पाळी ओळीत उभी करतात.

मग ‘ज्वारी’ शोधलं. सत्तावीस.
सगळं कामाचं: खोडमाशी, उगवणीचे तक्ते,
चाचणीची पत्रकं.
त्यात माय नव्हती.
मी स्वतः ठेवला होता तिचा आवाज,
मंठ्याहून आलेला, मागं कोंबडं ओरडतंय:
‘निवडून ठिवलीय बाय, पायलीभर. न्यायला कव्हा येतीस?’

पुन्हा शोधलं, तिच्यासारखं.
‘जवारी’. एक.

यंत्रानं विचारलं, हे दोन टॅग सारखे वाटतात,
एकत्र करू?
बोट तसंच वर राहिलं.
चौथीत बाईंनी लाल शाईनं माझा ज अर्धा केला होता.
तेव्हापासून तोंडात दोन धान्यं.
एकाचं पत्रक भरते,
दुसऱ्याची भाकर खाते.
नको म्हटलं. राहू दे दोन.

अगदी खाली, राखाडी अक्षरात:
टॅग नसलेले २१४.

प्रयोगशाळेत ओल्या कागदावर
मुगाचे चारशे दाणे मांडतो आम्ही.
सातव्या दिवशी मोजायचे.
रुजलेले. वाकडे रुजलेले. कुजलेले.
आणि शेवटचा रकाना कठीण बियांचा.
सात दिवस पाण्यात पडून
ज्यांनी घोटभर पाणी घेतलं नाही.
नवी होते तेव्हा मी त्यांना मेलेल्यांत घातलं होतं.
खंदारे साहेबांनी पेन मागून घेतलं,
खोडलं,
म्हणाले, यांचं अजून काही ठरलेलं नाही.
उगवणीतच धरायचे.

दोनशे चौदा तसेच ठेवले.
फोन पालथा केला. एक वाजून गेला होता.

मंठ्याची पहिली गाडी साडेसहाला लागते,
चार नंबरच्या फलाटाला, कधी पाचच्या.
हे मी कुठं सेव्ह केलेलं नाही.